बोया जमिनीचा, होडी पाण्याची

गेटवे ऑफ इंडियासमोर, लाँचांच्या वाटेपासून जरा लांब, एक लहान मोटरबोट नांगर टाकून उभी आहे. तिच्यातला माणूस पाण्याने काठोकाठ भरत आणलेली प्लास्टिकची बाटली समुद्रात सोडतो आणि घड्याळाकडे बघत बसतो. बाटली जवळजवळ बुडालेली, फक्त टोपण वर. त्यामुळे तिला वारा ढकलत नाही, पाणीच वाहून नेतं. मिनिटभरात ती ६० मीटर गेली, तर प्रवाह २ नॉटचा. शिडाच्या होड्यांच्या शर्यतीची आखणी अशी बाटलीपासून सुरू होते.

मुंबई बंदरातला हा खेळ जुना आहे. इथल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबची स्थापना १८४६ची. धावण्याच्या शर्यतीसाठी मैदानावर फक्कीच्या रेघा मारल्या की झालं. समुद्रावर रेघ उमटत नाही. नांगराला बांधलेले दोन-तीन रंगीत, फुगवलेले बोये हाच इथला मार्ग.

शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्यापासून साधारण ४५ अंश डावीकडे किंवा उजवीकडे वळूनच ती पुढे सरकते, घाटातल्या वळणांसारखी. म्हणून पहिला बोया नेमका वाऱ्याच्या दिशेला हवा. मग दोन्ही बाजूंचं अंतर सारखं पडतं आणि कुठली बाजू कधी घ्यायची, यात खलाशाचं कसब लागतं. सुरुवातीची रेषाही वाऱ्याला काटकोनात हवी. १०० मीटरची रेषा ५ अंशांनी तिरकी झाली, तर एका टोकाच्या होडीला जवळपास ९ मीटरची आघाडी फुकटात मिळते.

पण वाऱ्याची दिशा कोणाच्या हिशेबाने धरायची? खरी मेख इथे आहे. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या सुमाराला येते. त्यानंतर, दुपारच्या शर्यतीच्या वेळी ओहोटी लागलेली असते आणि पाणी खुल्या समुद्राकडे निघालेलं असतं. समजा, वायव्येकडून ८ नॉटचा खारा वारा आहे आणि त्याला आडवा, नैऋत्येकडे जाणारा २ नॉटचा प्रवाह. हवा स्थिर असली तरी धावत्या लोकलच्या दारात वारा लागतो, तसंच वाहत्या पाण्यावरच्या होडीचं होतं. नांगर टाकलेल्या बोटीवर वारा वायव्येचा भरतो, तर होडीतल्या खलाशाला तोच वारा १४ अंशांनी पश्चिमेकडे सरकलेला जाणवतो. शिवाय प्रवाह होडीला सतत नैऋत्येकडे ओढत असतो. वाऱ्याकडे सरकण्याची तिची गती ३ नॉट धरली, तर दोन्ही अंगांना सारखा वेळ देऊन ती जिथे पोचते, ती दिशा मूळ वाऱ्यापासून ४० अंशांहून जास्त वळलेली निघते. बोया जमिनीला बांधलेला, होडी पाण्याबरोबर चाललेली आणि वारा दोघांनाही वेगवेगळा भेटणारा. म्हणूनच शर्यत चालवणारा जाणता अधिकारी, म्हणजे रेस ऑफिसर, बोया प्रवाह जातो त्या अंगाला सरकवून टाकायला सांगतो.

बोयाचा दोरही त्याला डोक्यात ठेवावा लागतो. ९ मीटर पाण्यात २७ मीटर दोर सोडला आणि तो ताणला गेला, तर बोया नांगरापासून २५ मीटर लांब तरंगतो. संध्याकाळी प्रवाह उलटला की तो नांगराच्या पलीकडे जातो, म्हणजे जवळपास ५० मीटर हलतो. दोर आखूड ठेवला तर नांगर चिखलात धरत नाही, घसरत जातो. सैल दोर पृष्ठभागाजवळ राहिला तर वळणाऱ्या होडीचं सुकाणू त्यात अडकतं. त्यावर उपाय साधा आहे. बोयाच्या खाली दोराला एक वजन अडकवायचं, म्हणजे दोर सरळ खाली जातो.

वारा मध्येच फिरला, तर पुढच्या टप्प्याचा बोया हलवावा लागतो. ‘सी’ झेंडा दाखवून आणि भोंगा वाजवून होड्यांना त्याची कल्पना दिली जाते. आता नांगर-दोराशिवाय, जीपीएस आणि विजेच्या मोटरवर जागा धरून राहणारे बोयेही आले आहेत. दिलेल्या ठिकाणाहून ते फारसे ढळत नाहीत आणि हलवायचे तर तळातला नांगर ओढून काढावा लागत नाही. मात्र ते ठिकाण कोणतं, हे अजून रेस ऑफिसरच ठरवतो. त्यासाठी ती जवळजवळ बुडणारी बाटली त्याच्या बोटीत असतेच.