कांठावरून मरळ : आधीं वाट, मग पाणी

शेतीचीं कामें उरकल्यावर घटकाभर गळ घेऊन पाण्याकांठीं बसणारे शेतकरी नदीकांठच्या बहुतेक गांवीं चार-दोन तरी असतातच. नाव नाहीं, जाळें नाहीं. वेळूची काठी, दोरा व गळ एवढ्यावर त्यांचें काम भागतें. "पूर्वीं मासे लागत, आतां लागत नाहींत," अशी तक्रार त्यांच्याकडून वारंवार ऐकूं येते. प्रस्तुत लेखकाच्या मतें पुष्कळ ठिकाणीं मासा आहे. नाहींशी होत चालली आहे ती कांठापर्यंत पोंचण्याची वाट. यास्तव आधीं वाटेविषयीं लिहितों.

गांवनकाशा हा पहिला मार्गदर्शक होय. भूमि-अभिलेख कार्यालयांतून त्याची नक्कल मिळते. त्यांत दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट व एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट. जी वाट नदीच्या उताराला किंवा पाणवठ्याला जाऊन मिळते तिच्यावर खूण करावी. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २० अन्वयें नदी, ओढा, नाला व तळें, दुसऱ्या कोणाची मालकी शाबीत नसल्यास, सरकारचीं असतात. पण पात्र सरकारचें म्हणून लगतचें शेतही सरकारचें होत नाहीं, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. कांहीं जण त्याच अधिनियमाचें कलम १४३ पुढें करतात. तें कलम शेतकऱ्यास आपल्या शेतांत जाण्याकरितां इतरांच्या हद्दीवरून वाट देण्याविषयींचें आहे. गळ टाकणारास त्याचा उपयोग नाहीं.

आमची नोकरी अशाच नकाशांत व नोंदींत गेली. निवृत्तीनंतर एकदां नकाशाच्या भरंवशावर एका एकेरी रेघेनें निघालों, तों ती वाट उभ्या उंसांत शिरून दिसेनाशी झाली. पानें बाजूस सारीत पुढें गेलों, आणि मालकानें हटकलें. नकाशा दाखविल्यानें त्याचा राग वाढला मात्र. दुसऱ्या दिवशीं घरीं जाऊन सरळ विचारलें, तेव्हां त्यानेंच बांधाच्या कडेनें जावयास सांगितलें. एवढेंच नव्हे, तर आपल्या मोटरीजवळच्या डोहाची जागाही दाखविली. कागदाचा हक्क खरा असला तरी गळास तो उपयोगी पडतोच असें नाहीं.

पाटबंधाऱ्याच्या तलावांची गोष्ट निराळी. तेथील मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो व तळ्यांत बोटुकली तिच्या पैशानें सोडलेली असते. तेव्हां संस्थेच्या माणसास भेटून परवानगी घ्यावी. ती न घेतां धरलेला मासा दुसऱ्याच्या पिकांतून उपटलेल्या कणसासारखाच समजावा.

भीमा नदीवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याचें बुडीत क्षेत्र पुष्कळ ठिकाणीं सपाट असल्यामुळें पाणी थोडें उतरलें तरी कांठ फार दूर सरकतो. फारच ओसरलें म्हणजे इंदापूर तालुक्यांतील पळसदेवचें जुनें देऊळही उघडें पडतें. मागील वर्षाची जागा यंदां पाण्यापासून दूर, भेगाळलेल्या जमिनींत असूं शकते. अशा उघड्या जमिनींत गाळपेर होते. तेथें पेरणी दिसल्यास ती वाट आपली नव्हे. शिवाय वरून वाळलेल्या गाळाखालीं कंबरभर चिखल असतो. काठीनें चांचपल्यावांचून पाऊल टाकूं नये.

आतां पाणी. मरळ हा शिकारी मासा. तो उघड्या पाण्यांत हिंडत नाहीं, आडोशाला दबा धरून बसतो. म्हणून लव्हाळ्याची किंवा पाणकणसाची कड, बुडालेलें बाभळीचें झुडूप, ओढा तळ्यास मिळतो तें तोंड, या जागा प्रथम पाहाव्या. गवताच्या दाट रानांत गळ टाकणें व्यर्थ; त्यांतील मोकळ्या झरोक्याजवळ टाकावा. या माशास पाण्याबाहेरची हवाही घ्यावी लागते. त्यामुळें तो मधूनमधून वर येतो, 'गुडुप्' असा आवाज होतो व वर्तुळ पसरतें. नवख्यानें पहिल्या दिवशीं गळ न टाकतां पहांटे तासभर नुसतें बसून अशीं वर्तुळें मोजावींत. एका दिवसाच्या या बैठकीनें जें कळतें, तें महिनाभर जागा बदलून कळत नाहीं. पाणी चढून नवें गवत बुडालें म्हणजे मासा कांठाकडे येतो. कालव्याला पाणी सुटून पातळी उतरूं लागली म्हणजे तो खोल सरतो. आमिषास गांडूळ चालतो, पण मोठ्या मरळीस लहान मासळी किंवा बेडकी बरी.

कोल्हापुरी बंधाऱ्याच्या खालच्या अंगास मासे जमतात, म्हणून तेथें गर्दी असते. परंतु वरच्या धरणांतून पाणी सुटल्यास पात्रांतील खडकावर उभा असलेला मनुष्य बघतां बघतां वेढला जातो. वाळू उपसलेले खड्डे वरून दिसत नाहींत. मोटरीच्या तारा गवतांत पडलेल्या असतात, आणि ओली वेळूची काठी वरच्या तारेस लागली तर काय होतें हें सांगावयास नकोच. सांगली जिल्ह्यांत कृष्णेकांठीं मगरींचा वावर आहे. तेथें पाण्यांत पाय सोडून बसूं नये. सुरुंग व विष घालून मासे मारणें १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तरी ओढ्यांतून तें अद्याप चालतें.

शेवटीं एक गोष्ट. पावसाळ्यांत गवताजवळ तांबूस-नारिंगी पिलांचा थवा पाण्याच्या वरच्या थरांत वळवळतांना दिसेल. खालीं मायबाप राखण करीत असतात व पिलांजवळ आलेल्या कशावरही झडप घालतात. त्यामुळें त्या वेळीं गळास मरळ हमखास लागते. आणि ती वर काढली कीं इतर मासे थोड्याच वेळांत तो सबंध थवा फस्त करतात. असा थवा दिसतांच दोरा गुंडाळावा व पिलें पांगेपर्यंत त्या जागीं फिरकूं नये.