तांदळात लिहिलेलं नाव

मामीनं पत्र्याची पेटी ओटीवर आणली, झाकण उघडलं आणि एकेक कागद माझ्यापुढं मांडायला सुरुवात केली. शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, पिवळी पडलेली लग्नपत्रिका, दोन सातबारे. पागोळ्या गळत होत्या. कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या पुढच्या या गावात भात पोटरीला आलं होतं. मामेबहीण न्यू जर्सीत असते, तिला फाल्गुनात दिवस भरणार होते. मामा-मामीला अमेरिकेचा व्हिसा काढायचा होता आणि घरात इंग्रजी फॉर्म भरणारी मी एकटीच.

मला वाटलं होतं, दोन संध्याकाळचं काम. पण पहिली संध्याकाळ गेली ती मामीचं नाव ठरवण्यात.

शाळेच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव होतं, पासपोर्टवर सासरचं. लग्नात आडनाव आणि मधलं नाव बहुतेक बायकांचं बदलतं, पण मामीचं पहिलं नावही बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून मामानं अंगठीनं नवीन नाव लिहिलं, आणि त्या दिवसापासून ती दुसऱ्याच नावानं ओळखली जाऊ लागली. ताटातले तांदूळ उचलून ठेवले गेले, माहेरचं नाव मात्र कागदांत राहिलं. चौकच्या बाजूला, खालापूर तालुक्यात, वडिलांच्या मागं वारस म्हणून तिचं नाव जमिनीला लागलं ते माहेरचं. कर्जत तालुक्यातल्या सातबाऱ्यावर मामाच्या जोडीनं लागलं ते सासरचं. बाई एक, पण दोन तालुक्यांच्या दप्तरांत दोन बायका. शिवाय इंग्रजी स्पेलिंगचा घोळ वेगळाच: एका कागदावर ‘व’साठी व्ही, दुसऱ्यावर डब्ल्यू.

अमेरिकेच्या पर्यटन व्हिसाचा फॉर्म डीएस-160 या नावानं ओळखला जातो. तो पूर्ण ऑनलाइन असतो. पासपोर्टवर असेल तसंच नाव त्यात लिहायचं, आणि लगेच पुढं प्रश्न येतो: याआधी दुसरं कुठलं नाव वापरलंय का? ओळखीतल्या एकांनी सल्ला दिला, ‘नाही’ म्हणून टाका, उगाच चौकशी वाढेल. मामीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, “मामी, तुझं नाव बदललंय यात लपवण्यासारखं काय आहे? ‘हो’ लिहू आणि माहेरचं पूर्ण नाव टाकू.” हा प्रश्न अशा नावबदलांसाठीच तर ठेवलेला आहे. आणि जाणूनबुजून महत्त्वाची खोटी माहिती दिल्याचं ठरलं, तर अमेरिकेचा कायदा त्या माणसाला कायमचं दार बंद करू शकतो. खरं सांगून व्हिसा नाकारला गेला, तर पुन्हा अर्ज करता येतो.

फॉर्म भरायला तीन संध्याकाळी लागल्या. वीसेक मिनिटं काही केलं नाही की तो आपोआप बंद पडतो, म्हणून पहिल्याच पानावरचा अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवावा लागतो आणि दर पानाला माहिती जतन करावी लागते. आमच्या गावात पावसाळ्यात वीज जाते, त्यामुळं ही वही फार उपयोगी पडली. कोण खर्च करणार, कुठं राहणार, गेल्या पाच वर्षांत कुठल्या देशांत गेलात, कुठली समाजमाध्यमं वापरता, आईवडिलांच्या जन्मतारखा काय. मामाला स्वतःच्या आईची जन्मतारीख ठाऊक नव्हती. मोठ्या पुरानंतरच्या वर्षातली ती, एवढंच घरात सांगत. फॉर्ममध्ये ‘माहीत नाही’ असा पर्याय असतो. अंदाजानं तारीख लिहिण्यापेक्षा तो निवडणं बरं. मामाची स्वतःची तारीख 1 जून. त्याच्या पिढीतल्या कितीतरी जणांची हीच तारीख आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी जून महिना धरून ती टाकली. पासपोर्टवर तीच आहे, म्हणून इथंही तीच.

फोटोसाठी कर्जतला स्टेशनजवळच्या स्टुडिओत गेलो. अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंच चौकोनी फोटो लागतो, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, सहा महिन्यांच्या आतला, चष्मा काढून. युरोपातल्या शेंगेन देशांना पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा चालतो. फोटोवाल्या दादांना दोन्ही मापं पाठ होती. त्यांनी मामीला पदर डोक्यावरून मागं घ्यायला सांगितला आणि चेहरा सरळ दिसेपर्यंत पाच वेळा टिपला.

या साऱ्या खटाटोपामागं एक नियम आहे, आणि तो समजला की बाकीचं समजतं. अमेरिकेच्या 1952च्या स्थलांतर कायद्यात 214-बी नावाचं कलम आहे. पर्यटक म्हणून येऊ पाहणारा प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच येतोय, असं ते कलम आधी गृहीत धरतं. तसं नाही, हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराची. म्हणजे तुम्ही का जाताय याहून मोठा प्रश्न असतो तुम्ही परत का याल हा. प्रत्येक अर्जाची फी 185 डॉलर आहे. व्हिसा नाकारला गेला तरी ती परत मिळत नाही.

मामा हे ऐकून बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “परत नाही आलो तर शेत कोण करील?”

त्याच्या या एका वाक्यात पुरावा होता. आम्ही सातबारा नव्यानं वाचायला घेतला. मी शहरात वाढले, सातबारा म्हणजे जमिनीचा कागद एवढंच मला माहीत होतं. मामानं बोट ठेवून दाखवलं: वरचा भाग गाव नमुना सात, त्यात जमीन कुणाची, किती, कुठल्या फेरफारानं नावावर आली. खालचा भाग नमुना बारा, त्यात त्या जमिनीत कुठल्या हंगामात काय पिकलं. वर्षामागून वर्ष एकच शब्द: भात, भात, भात. आता पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवरून करतो. ई-पीक पाहणी 2021 पासून राज्यभर सुरू झाली, आणि डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो. आम्ही दोन्ही उतारे काढले, खोपोलीतून त्यांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून आणलं. मला माहीत होतं की वकिलातीतला अधिकारी कदाचित फाइल उघडणारही नाही, दोन-तीन मिनिटांच्या बोलण्यावर निर्णय होतो. शेंगेनची रीत वेगळी आहे. तिथं कागदच बोलतात, आणि निदान तीस हजार युरोचं विमा संरक्षण दाखवल्याशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. अमेरिकेला विमा सक्तीचा नाही, तरी आम्ही काढला, कारण तिथल्या इस्पितळाचा खर्च या घराला पेलणारा नव्हता. पण फाइल कुणी वाचो न वाचो, ती तयार करताना मामाला स्वतःचं आयुष्य नीट सांगता येऊ लागलं.

पौषात दोन तारखा मिळाल्या, लागोपाठ दोन दिवसांच्या. पहिल्या दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी वकिलातीत मुलाखत. दोन्ही वांद्रे-कुर्ला संकुलात. अमेरिकेची वकिलात 2011 साली ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमधून तिथं आली. पहाटेच्या अंधारात कर्जतहून लोकल धरली. मामीनं स्वेटरवर शाल घेतली होती, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात फाइल.

कल्याण आलं तसं गाडी भरली. मला याच कल्याणची आनंदीबाई जोशी आठवली. माहेरची यमुना, लग्नात आनंदी झाली. 1883 साली अठरा वर्षांची ही मुलगी घरचं कुणी सोबत नसताना बोटीनं अमेरिकेला निघाली आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर बाईंच्या घरी उतरली. 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ती डॉक्टर झाली. तेव्हा तिला आजच्यासारखा व्हिसा काढावा लागला नाही. तिच्या वाटेत समुद्र होता, समाज होता, व्हिसाची खिडकी नव्हती. पुढं 1917च्या कायद्यानं अमेरिकेनं भारतीय माणसांना स्थलांतरासाठी दार जवळपास बंदच केलं, आणि 1946 साली उघडलं तेही वर्षाला शंभर जणांपुरतं. मी हे मामीला सांगितलं. ती म्हणाली, “एकटी गेली? आणि तिचंही नाव बदललेलं?”

ठशांच्या केंद्रात मामाचीच अडचण झाली. काचेवर बोटं ठेवली की यंत्र घेईना. आयुष्यभर रोपं उपटून आणि विळा धरून बोटांच्या टोकांवरच्या रेषा झिजल्या होत्या. तिथल्या मुलीनं ओला कागद दिला, बोटं पुसायला लावली, एकेक बोट स्वतः हलकं दाबून धरलं. चौथ्या खेपेला दहाही ठसे उमटले. मामा बाहेर येऊन आपल्या हातांकडं पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी आत जाऊ शकले नाही, फक्त अर्जदारांना सोडतात. मोबाइल आणि पिशव्याही आत चालत नाहीत, म्हणून दोघांचं सामान घेऊन मी समोरच्या फुटपाथवर थांबले. माझ्यासारखे बरेच जण होते. कुणाच्या हातात वडिलांचा मोबाइल, कुणाच्या हातात आईची पर्स. दरवाजातून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाचे हात आम्ही आधी बघत होतो. व्हिसा मंजूर झाला तर पासपोर्ट आत ठेवून घेतात, नाकारला तर तिथल्या तिथं परत देतात. म्हणून रिकाम्या हातांनी येणारा माणूस हसत येतो.

दोघं रिकाम्या हातांनी आले.

आत काय झालं ते मामीनं परतीच्या गाडीत सांगितलं. मुंबईच्या वकिलातीत मराठीत बोलायची सोय आहे, त्यांनी मराठीच मागितली. कुणाकडं जाताय, मुलगी तिथं काय करते, हे विचारून झाल्यावर मामाला विचारलं, परत कधी येणार? मी त्याला तारीख पाठ करून दिली होती. तो ती विसरला आणि मनात होतं ते बोलला: “रोहिणी लागायच्या आत.” दुभाष्या बाईंनी ते इंग्रजीत समजावून सांगितलं: पेरणीच्या आधी, सूर्य त्या नक्षत्रात यायच्या आधी. मग अधिकाऱ्यानं मामीला विचारलं, तुमची दोन नावं कशी? मामी म्हणाली, “एक आईनं ठेवलेलं, एक लग्नात तांदळात लिहिलेलं.” फाइल उघडलीच नाही. आमची सगळी मेहनत त्या दोन उत्तरांसाठीच होती, असं मला त्या वेळी कळलं.

माघात सामान बांधताना मामीनं घरचा कर्जत-3 जातीचा तांदूळ पिशवीत भरला. कर्जतच्या भात संशोधन केंद्राची ही जात, तिचा मऊ भात बाळंतिणीला घालायचा तिचा बेत होता. मला ती पिशवी बाहेर काढायला लावावी लागली. खपरा नावाचा भुंगेरा धान्याची नासधूस करतो, त्याची अळी फटीत दडून अन्नाशिवाय वर्षानुवर्षं तग धरते. म्हणून भारतातून प्रवाशाच्या सामानात तांदूळ न्यायला अमेरिकेत बंदी आहे. डिंकाचे लाडू आणि मसाला उतरल्यावर नोंद करून नेता येतात. ताजी फळं, मांस, बियाणं नाही. मामीनं पिशवी परत कणगीत ओतली. “तिथला घेऊ,” ती म्हणाली, “बारशाला ताटात पसरायला कुठलाही तांदूळ चालतो.”

व्हिसा दहा वर्षांचा मिळाला. पण व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. मामेबहिणीनं फोन करून कळवलं: सहा महिने दिले, ऑगस्टच्या अखेरपर्यंत.

परवा मी त्यांचं घर उघडून झाडलोट करायला गेले होते. ओटीवर कालनिर्णय टांगलेलं आहे, मामानं जाण्याआधीच मे महिन्याचं पान वर काढून ठेवलेलं. 24 तारखेभोवती पेनानं गोल. पंचवीस तारखेला रोहिणी लागते.