फाशीची शिक्षा आणि दडलेला जबाब

बीडच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात, भोकरदन परिसरातील एका शेतवस्तीवर जून २००३ मध्ये दरोडा पडला. पाच जणांची हत्या झाली, स्त्रियांवर अत्याचार झाले. सारा मराठवाडा हादरला. पोलिसांनी भटक्या जमातीतील सहा मजुरांना आरोपी केले. जालन्याच्या सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सर्वांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये त्यांपैकी तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. मात्र ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीच योग्य ठरवली. पुढे त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी त्या सर्वांची निर्दोष मुक्तता केली!

मग चूक कोठे झाली? हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या छायाचित्रसंग्रहातील चार जणांना ओळखले होते. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी तसा जबाबही नोंदविला होता. त्या चौघांचा तपास झालाच नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले ते भलतेच सहा जण. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. पोलीस ठाण्यांच्या मनातून तो पुसला गेला, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. बीड जिल्ह्यातही गावाबाहेर पाले ठोकून राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

सुटकेची वाट सरळ नव्हती. २००९ च्या निकालानंतर पंधरवड्याच्या आतच सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने, केवळ गुन्ह्याचे क्रौर्य पाहून व गुन्हेगाराची परिस्थिती न पाहता फाशी देण्याचा पायंडाच चुकीचा ठरवला. २०१२ मध्ये १४ निवृत्त न्यायाधीशांनी अशा शिक्षांबाबत राष्ट्रपतींना पत्रे लिहिली. निर्णायक वळण आले ते २०१४ मध्ये. फाशीच्या प्रकरणांतील फेरविचार याचिका न्यायमूर्तींच्या दालनात नव्हे, तर खुल्या न्यायालयात ऐकाव्यात, असे घटनापीठाने ठरवले. त्यामुळेच हे प्रकरण पुन्हा उघडले. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही तोवर समोर आले होते.

न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा, बेपर्वा अधिकाऱ्यांवर कारवाईचा आणि त्या चौघांबाबत पुढील तपासाचा आदेश दिला. सोळा वर्षांचा हिशेब मांडला, तर भरपाई दिवसाला सुमारे ८६ रुपये पडते. तीही न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून. कायद्याने मिळालेला हक्क म्हणून नव्हे. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मधील २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी विशेष न्यायालये सुचवली होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती सूचना उतरली नाही. विनाकारण अटक घडवून आणणाऱ्याकडून मिळणाऱ्या भरपाईची कमाल मर्यादा त्या संहितेत आजही एक हजार रुपयेच आहे.