जोत्यापासून वाढणारं घर

आज २६ ऑगस्ट. घरांचे, इमारतींचे नकाशे आखणारी देशभरातली मंडळी आज बाळकृष्ण दोशी यांची आठवण काढतात. दोशींचा जन्म १९२७ साली आपल्या पुण्याचा. घरचा धंदा फर्निचरचा. ते तान्हे असतानाच आई गेली, एकत्र कुटुंबात वाढले. पुढे मुंबईत शिकले, पॅरिसला काम केलं आणि अहमदाबादला स्थायिक झाले. २०१८ साली त्यांना प्रित्झकर पुरस्कार मिळाला. वास्तुकलेतला हा जगातला सर्वात मोठा मान, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय. २०२३ च्या जानेवारीत ते गेले.

एवढ्या मोठ्या माणसाचं आपल्या बचत गटाला काय, असं कुणी विचारेल. तर ऐका.

देहूरोडच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांत घर एका दमात होत नाही. आधी एक खोली, भिशी लागली की पडवी, मुलाचं लग्न ठरलं की माडी. आपण त्याला अर्धवट घर म्हणतो, पाहुण्यांपुढे थोडं लाजतोही. दोशींनी हीच रीत धरून अख्खी वसाहत आखली. इंदूरची अरण्य वसाहत ती. सुमारे साडेसहा हजार घरांची, बहुतेक गरिबांसाठी. सगळ्यात लहान जागा ३५ चौरस मीटरची, म्हणजे जेमतेम पावणेचारशे चौरस फूट. तिथे कुटुंबाला पुरं घर दिलंच नाही. जोतं, संडास-मोरी, पाण्याची सोय आणि ऐपत असेल तर एक खोली. बाकी ज्याचं त्यानं, जमेल तसं वाढवायचं. कसं वाढवता येईल हे दिसावं म्हणून दोशींनी ८० घरं नमुन्यादाखल आखून दिली. ओटा, बाहेरून जिना, वर गच्ची. आम्हाला त्यातला ओटा सगळ्यात आवडतो. निवडणं-टिपणं, पोरांवर लक्ष आणि शेजारणीशी दोन शब्द, सगळं तिथेच होतं.

पैशाचं गणितही बघण्यासारखं. मोठ्या रस्त्याकडच्या जागा ऐपतवाल्यांना विकल्या आणि त्या पैशाचा आधार गरिबांच्या जागांना मिळाला.

आता आपल्या कामाचं. गावात सरकारी घरकुल मंजूर झालं तर ते किमान २५ चौरस मीटरचं असतं. पुढे माडी चढवायची असेल, तर हे पाया खोदण्याआधी ठरवा. पाया आणि खांब वरचं ओझं पेलतील का, हे गवंड्यावर न सोडता इंजिनिअरला विचारा. खांबांच्या उघड्या सळ्यांना आपल्या मावळच्या पावसात लगेच गंज चढतो, म्हणून त्यांवर सिमेंटचा लेप द्या. जिन्याची जागा आधीच सोडा. नाहीतर माडीवर जाणारा प्रत्येकजण तुमच्या चुलीपुढूनच जाईल! संडास आणि मोरी शेजारी-शेजारी घेतली की नळ आणि पाइपाचा खर्च वाचतो.

आणि घराला नंबर पडला की ग्रामपंचायतीत जाऊन नमुना आठचा उतारा काढा. त्यावर तुमचं नाव आहे का, ते स्वतः वाचून बघा. घरकुलात बाईचं नाव, एकटीचं किंवा नवऱ्यासोबत, लावण्याची तरतूद आहे. नसेल, तर पुढच्या बैठकीत उतारा घेऊन या, अर्ज आपण मिळून लिहू.