पूर आला तर घरातल्या रुग्णाचे काय?

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अग्निशमन दल, एनडीआरएफ, एसडीआरएफ आणि लष्कर असे सगळेच मदतीला उतरले. अशा वेळी समन्वय जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण करते.

मात्र बोटीतल्या जवानाला तुमच्या वडिलांचा आजार माहीत नसतो. तो त्यांना सुरक्षित जागी पोहोचवतो. उपचार आरोग्य पथक करते. म्हणून ११२ ला फोन करताना आधी सांगा, "घरात डायलिसिसचे पेशंट आहेत, उद्या डायलिसिस आहे." ऑक्सिजन, इन्सुलिन किंवा गरोदरपण असेल तरी हेच. जवानांनाही सांगा, निवारा केंद्रातही पुन्हा सांगा. निरोप वाटेत हरवतात. औषधांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, मोबाइलवर विसंबू नका.

पुराच्या पाण्यातून चालल्यावर पुढच्या महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि पाण्यात कधी उतरला होता ते न विचारता सांगा. डॉक्सीसायक्लिन मनाने घेऊ नका, विशेषतः गरोदर असाल तर.