कालच्या युद्धाचे कलम आजच्या युद्धाला

२०१६ साली रशियातील पर्म शहरात एका गृहस्थाला दोन लाख रूबल दंड झाला. गुन्हा काय, तर दुसऱ्याचा एक लेख त्याने इंटरनेटवरील आपल्या पानावर टाकला. सोव्हिएत संघ आणि जर्मनी यांनी मिळून १९३९ मध्ये पोलंडवर आक्रमण केले, असे त्यात म्हटले होते. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मन आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये शिरल्या, ही इतिहासाची साधी नोंद. तरीही सर्वोच्च न्यायालयाने दंड कायम केला.

हा २०१४ च्या कायद्याचा प्रताप. नाव गोंडस : नाझीवादाच्या पुनर्वसनास बंदी. त्याला कोण हरकत घेणार? पण त्याच कलमात, महायुद्धातील सोव्हिएत कारवायांविषयी ‘जाणूनबुजून खोटी माहिती’ पसरवणे हाही गुन्हा ठरवला गेला. खोटे कोणते, हे सरकारी वकील सांगणार! मेख तिथेच आहे. हजारोंना तुरुंगात डांबावे लागत नाही. एकाला दंड झाला की उरलेले आपणच जीभ आवरतात. कागदावरचे कलम घराच्या उंबरठ्यापर्यंत कसे येते, हे सीमाभागातील वाचकांना वेगळे सांगायला नको.

आंद्रेई साखारोव ज्या ‘मेमोरियल’ संस्थेचे पहिले अध्यक्ष, ती स्टालिनच्या काळात बळी गेलेल्यांची नावे जमवत होती. तिच्या यादीत तीस लाखांवर नावे होती. दरवर्षी २९ ऑक्टोबरला मॉस्कोत गुप्त पोलिसांच्या मुख्यालयासमोर लोक थंडीत रांग लावत आणि गोळी घातलेल्यांची नावे, वय, धंदा एकेक करून मोठ्याने वाचत. कोणी हमाल, कोणी शिक्षक. २८ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने ही संस्थाच विसर्जित केली. कारण दाखवले ‘परकीय हस्तक’ हा शिक्का प्रकाशनांवर न छापल्याचे. पण ही संस्था सोव्हिएत संघाची खोटी प्रतिमा उभी करते, असे सरकारी वकील भर न्यायालयात बोलून गेले.

दोनच महिन्यांनी युक्रेनवर आक्रमण झाले. मार्च २०२२ मध्ये नवा कायदा आला. शब्द तेच, ‘जाणूनबुजून खोटी माहिती’. फक्त आता चालू युद्धाविषयी. शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत. त्याखाली तुरुंगवास झालेले पहिले लोकप्रतिनिधी मॉस्कोतील एका प्रभागाचे निवडून आलेले सदस्य, अलेक्सेई गोरिनोव. युक्रेनमध्ये मुले मरत असताना आपण मुलांची चित्रकला स्पर्धा कशी भरवायची, एवढेच त्यांनी प्रभागाच्या बैठकीत विचारले होते. जुलै २०२२ मध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली.