वृषणाचा कर्करोग आणि पितृत्वाचा निर्णय

कर्करोग म्हणजे मरण, ही समजूत आपल्या समाजात अजूनही घट्ट आहे. वृषणाच्या, म्हणजे अंडगोटीच्या कर्करोगाबाबत ती खरी नाही. हा रोग बहुधा १५ ते ४० या ऐन उमेदीच्या वयात होतो. १९७० च्या दशकात सिस्प्लॅटिन हे औषध वापरात आले. तेव्हापासून वेळेवर उपचार घेणारे बहुसंख्य रुग्ण बरे होतात. म्हणूनच 'पुढे मूलबाळ होईल का?' हा प्रश्न उपचारांआधीच विचारला पाहिजे.

एक वृषण काढले तरी पुरुषत्व जात नाही. दुसरे निरोगी असल्यास मूलही होऊ शकते. परंतु केमोथेरपीने शुक्रजंतू घटतात. पुष्कळांचे ते काही वर्षांत पूर्ववत होतात, काहींचे होत नाहीत. कोणाचे होतील, हे आधी खात्रीने सांगता येत नाही.

यावर उपाय म्हणजे केमोथेरपीपूर्वी वीर्य गोठवून ठेवणे. द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश तापमानात, शुक्रजंतू वर्षानुवर्षे टिकतात. अमेरिकेचा सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग याला १९९६ साली हा रोग झाला. त्याने आधी वीर्य गोठवले आणि १९९९ साली त्यातूनच त्याला मुलगा झाला.

खरी अडचण संकोचाची आहे. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा अविवाहित तरुण वडिलांसमोर हा विषय काढणार कसा? वडीलधारे म्हणतात, "आधी जीव वाचू दे." त्यांचे चुकत नाही. पण नमुना देण्यास थोडेच दिवस लागतात आणि बहुतेकदा तेवढी सवड मिळते. डॉक्टरांनी 'थांबू नका' म्हटले, तर मात्र उपचारच आधी.

डॉक्टरांना स्पष्ट विचारावे: माझ्या उपचारांनी शुक्रजंतूंवर काय परिणाम होईल? सवड किती आहे? नोंदणीकृत वीर्यपेढी कोठे आहे? सुरुवातीचा व दरवर्षीचा खर्च किती? माझ्या पश्चात नमुन्याचे काय होईल? विवाहिताने पत्नीला सोबत घ्यावे. गोठवलेल्या वीर्यातून मूल होईलच अशी हमी नसते, हेही समजून घ्यावे.

विचारांती कोणी 'नको' म्हटले, तर तोही योग्य निर्णय आहे. मात्र तो माहितीअभावी किंवा लाजेपोटी होऊ नये. अंडगोटीत गाठ किंवा जडपणा जाणवल्यास, तरुण मित्रांनो, दुखत नसले तरी लपवू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.